गतीचे आलेख वाचताना: उंची पाहायची, चढ की क्षेत्रफळ?

"फॉर्म्युले सगळे पाठ आहेत हो, पण ग्राफ आला की गडबडतो." इंदूरात नववी आणि अकरावीची मुलं शिकवताना पालकांकडून हे वाक्य मला दर वर्षी ऐकावं लागतं. मुलगा गणितात कच्चा असतो असंही नाही. विस्थापन (निघाल्या जागेपासून सरळ किती दूर आणि कुठल्या दिशेला), वेग, त्वरण (वेग किती झपाट्याने बदलतो ते) यांच्या व्याख्या घडाघड म्हणतो. पण कागदावर दोन अक्ष आणि त्यांच्यामध्ये एक वाकडी रेषा आली, की प्रश्न काय विचारलाय हे न बघता रेषेचं सगळ्यात वरचं टोक शोधायला लागतो.

गतीच्या कुठल्याही आलेखात बघण्यासारख्या तीनच गोष्टी असतात: रेषेची उंची, रेषेचा चढ आणि रेषेखालचं क्षेत्रफळ. यातली कुठली हवी हे आधी ठरवा, आकडेमोड मग करा. डोळा आपोआप उंचीकडे जातो, कारण ती लगेच दिसते. चढ आणि क्षेत्रफळ मुद्दाम शोधावे लागतात, आणि परीक्षेत बहुधा तेच विचारलेले असतात.

आधी अक्ष, मग रेषा

माझ्याकडे मुलांनी रेषेवर तळहात ठेवायचा आणि फक्त अक्ष मोठ्याने वाचायचे, असा नियम आहे. उभ्या अक्षावर काय आहे? स्थान, अंतर, वेग की त्वरण? एकक कुठलं? आडव्या अक्षावर सेकंद आहेत, मिनिटं आहेत की तास? आकडे शून्यापासून सुरू होतात का? एवढं झालं की हात काढायचा.

हा पोरकटपणा वाटतो, पण एक साधी आडवी रेषा घ्या. उभ्या अक्षावर स्थान असेल तर गाडी उभी आहे. वेग असेल तर गाडी एकाच वेगाने चालली आहे. त्वरण असेल तर वेग दर सेकंदाला सारखाच बदलतो आहे. रेषा तीच, गोष्टी तीन. रेषा आधी पाहिली की "आडवी म्हणजे थांबलेली" हे उत्तर जिभेवर येतं आणि मग ते हलत नाही.

एककांचं इथेच उरकून घ्या. किमी/तासला ५/१८ ने गुणलं की मी/से मिळतात, म्हणजे १८ किमी/तास म्हणजे ५ मी/से. आलेखात मिनिटं आणि किमी असतील, तर चढ किमी/मिनिटमध्ये येतो. त्याला ६० ने गुणायला विसरू नका.

आता कोष्टक, बोलून दाखवण्यासारखं. स्थान-काल आलेखात उंची म्हणजे वस्तू कुठे आहे, चढ म्हणजे वेग. क्षेत्रफळाला तिथे काही अर्थ नाही. वेग-काल आलेखात उंची म्हणजे वेग, चढ म्हणजे त्वरण, क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. त्वरण-काल आलेखात उंची म्हणजे त्वरण आणि क्षेत्रफळ म्हणजे वेगात झालेला बदल. बदल हं, वेग नव्हे. सुरुवातीचा वेग वेगळा दिलेला असावा लागतो. त्वरण-काल आलेखाबद्दल शाळेत याहून जास्त लागत नाही, तेव्हा तो इथेच सोडते.

स्थान-काल आलेख: तुकडे पाडा

चिन्मय नावाचा एक काल्पनिक मुलगा घेऊ. सुदामानगरातल्या घरून सायकलने क्लासला निघतो. पहिल्या ८ मिनिटांत १.६ किमी जातो. तिथे मित्राच्या दाराशी ४ मिनिटं थांबतो, कारण मित्राचे बूट सापडत नाहीत. तेवढ्यात वाटेतल्या दुकानात वही राहिल्याचं आठवतं, म्हणून १२ ते १६ मिनिटांत मागे येतो. आता तो घरापासून ०.८ किमीवर आहे. तिथून ८ मिनिटांत सरळ क्लासला, घरापासून २.८ किमी. एकूण २४ मिनिटं.

हे कागदावर काढा. बिंदू पाच: (०, ०), (८, १.६), (१२, १.६), (१६, ०.८), (२४, २.८). रेषा जिथे जिथे मोडते तिथे पेन्सिलने उभी तुटक रेघ मारा. चार तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याला त्याची स्वतःची गोष्ट असते. सगळा आलेख एका दमात वाचायचा नाही.

चढ काढताना तुकड्याची दोन टोकं घ्या. पहिला तुकडा: १.६ भागिले ८, म्हणजे ०.२ किमी/मिनिट, म्हणजे १२ किमी/तास. दुसरा आडवा, वेग शून्य. तिसरा: (०.८ − १.६) भागिले (१६ − १२), उत्तर −०.२, म्हणजे −१२ किमी/तास. उणे चिन्हाचा अर्थ तो घराच्या दिशेने येतोय एवढाच. पायडल तितक्याच जोराने मारतोय, हळू झालेला नाही. चौथा: (२.८ − ०.८) भागिले (२४ − १६), म्हणजे ०.२५ किमी/मिनिट, १५ किमी/तास.

या चौथ्या तुकड्यावर मुलं हमखास पडतात. "२० व्या मिनिटाला वेग किती?" असं विचारलं की २० वर उभी रेघ मारतात, उंची १.८ वाचतात आणि १.८ भागिले २० करून मोकळी होतात. उत्तर येतं ५.४ किमी/तास. पण हे तर पहिल्या वीस मिनिटांचा सरासरी वेग झाला, वही आणि बुटांसकट. २० व्या मिनिटाला तो १५ च्याच वेगाने चाललाय. उंची भागिले काळ हा चढ तेव्हाच असतो, जेव्हा रेषा शून्यातून निघून सरळ गेलेली असते. एरवी दोन बिंदू, दोन वजाबाक्या.

पूर्ण प्रवासाचं बघा. कापलेलं अंतर १.६ + ०.८ + २.० = ४.४ किमी, २४ मिनिटांत, म्हणून सरासरी चाल ११ किमी/तास. विस्थापन मात्र २.८ किमी, म्हणून सरासरी वेग ७ किमी/तास. एकाच मुलाचा एकच प्रवास, दोन्ही उत्तरं बरोबर. म्हणून प्रश्नात 'चाल' आहे की 'वेग', या शब्दाखाली रेघ मारा.

उभ्या अक्षावर 'स्थान' न लिहिता 'कापलेलं अंतर' लिहिलं असेल, तर तिसरा तुकडा खाली येणारच नाही, तो १.६ वरून २.४ वर चढेल. कापलेलं अंतर कधी कमी होत नाही. खाली उतरणारा अंतर-काल आलेख दिसला, तर समजा की 'अंतर' म्हणून ठरावीक जागेपासूनचं अंतर लिहिलंय. पुस्तकांतही ही ढिलाई असते.

आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे

पाताळपाणी ते कालाकुंड ही मीटरगेज हेरिटेज गाडी आपल्याकडची बहुतेक मुलं एकदा तरी बसून आलेली असतात. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली. माळव्याच्या पठारावरून ती घाट उतरून खाली निमाडाकडे जाते. "या गाडीचा पाताळपाणीपासूनचा स्थान-काल आलेख काढ" म्हटलं की वर्गातली निम्मी मुलं खाली उतरणारी रेषा काढतात. गाडी उतरते ना! पण उभ्या अक्षावर समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, पाताळपाणीपासूनचं अंतर आहे, आणि ते वाढतंच आहे. रेषा वर जाणार. गाडी दरीपाशी थांबली की आडवी होणार.

यात फक्त आपलीच मुलं चुकतात असं समजू नका. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅक्डरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली गतीच्या आलेखांमधल्या अडचणींवर अभ्यास प्रसिद्ध केला. उंची आणि चढ यांची अदलाबदल, आलेखाला रस्त्याचं चित्र समजणं, हे सगळं त्यांना कॉलेजात शिकणाऱ्यांतही दिसलं होतं.

वेग-काल आलेख: क्षेत्रफळ विसरू नका

सुपर कॉरिडॉरवरची मेट्रो घेऊ. आकडे माझे आहेत, सोयीसाठी. स्टेशनातून निघाल्यावर गाडी २० सेकंदांत शून्यावरून १६ मी/से वेग घेते. पुढे ४० सेकंद तोच वेग. मग १६ सेकंदांत थांबते. आलेख समलंब चौकोनासारखा दिसतो: चढती रेषा, आडवी रेषा, उतरती रेषा.

चढ म्हणजे त्वरण. पहिल्या तुकड्यात १६ भागिले २०, म्हणजे ०.८ मी/से². मधल्यात शून्य. शेवटच्यात −१६ भागिले १६, म्हणजे −१ मी/से². उतरती रेषा जास्त उभी आहे, म्हणजे ब्रेक निघतानाच्या त्वरणापेक्षा जोरात लागलाय. ती उतरतेय म्हणून गाडी मागे येतेय असं लिहिणारे महाभाग असतात. रेषा जोवर काळाच्या अक्षाच्या वर आहे, तोवर गाडी पुढेच जाते.

अंतरासाठी क्षेत्रफळ. त्रिकोण ½ × २० × १६ = १६० मी. आयत ४० × १६ = ६४० मी. दुसरा त्रिकोण ½ × १६ × १६ = १२८ मी. एकूण ९२८ मी. ताळा करायचा तर समलंब चौकोनाचं सूत्र एकदम लावा: ½ × (७६ + ४०) × १६ = ९२८. जुळलं.

क्षेत्रफळ म्हणजे अंतर कसं, हे मुलांना पटत नाही, कारण चौरस आणि मीटर यांचा संबंध लागत नाही. आयताच्या बाजू बघा: एक बाजू सेकंदांत, दुसरी मीटर प्रति सेकंद. गुणाकार केला की सेकंद उडतात, उरतात मीटर. ही कल्पना फार जुनी आहे. चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने वेग उभ्या रेघांनी दाखवून आकृतीच्या क्षेत्रफळातून अंतर काढलं होतं, आणि तेव्हा कलनशास्त्र (कॅल्क्युलस) जन्मायला तीनशे वर्षं होती. पुस्तकातलं गतीचं दुसरं समीकरण, म्हणजे अंतराचं, तेही इथेच लपलेलं आहे. सुरुवातीला वेग शून्य नसेल, तर रेषेखाली एक आयत आणि त्यावर एक त्रिकोण दिसतो. आयत म्हणजे 'यूटी' (सुरुवातीचा वेग × काळ), त्रिकोण म्हणजे 'अर्धा एटी वर्ग' (½ × त्वरण × काळाचा वर्ग). पाठांतराची गरज उरत नाही.

याच प्रवासाचा स्थान-काल आलेख काढा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी सराव हाच. वेग-कालचा आलेख वर, त्याच्या बरोबर खाली स्थान-कालचा, काळाचे आकडे एकाखाली एक. मोडाच्या जागांवरून तुटक रेघा खालपर्यंत ओढा.

पहिल्या तुकड्यात दर ५ सेकंदांनी स्थान काढा: ०, १०, ४०, ९०, १६० मी. फरक बघा: १०, ३०, ५०, ७०. एक, तीन, पाच, सात या प्रमाणात. स्थिर अवस्थेतून सुरू झालेल्या समान त्वरणाची ही खूण गॅलिलिओने ओळखली होती. बिंदू जोडले की वर वळणारा वक्र येतो. मग १६० पासून ८०० पर्यंत सरळ रेषा, आणि शेवटी ८०० पासून ९२८ पर्यंत हळूहळू आडवा होत जाणारा वक्र. २० व्या सेकंदाला वक्र आणि सरळ रेषा जिथे भेटतात तिथे टोक येता कामा नये. दोन्हीकडून चढ १६ च आहे. टोक आलं असेल तर वक्र पुन्हा काढा.

वक्राचा चढ काढायचा तर स्पर्शिका लागते, म्हणजे वक्राला त्या बिंदूपाशी नुसती टेकणारी सरळ रेघ. १० व्या सेकंदाचा बिंदू घ्या, (१०, ४०). पट्टीची कड तिथे टेकवा आणि अशी फिरवा की बिंदूच्या दोन्ही बाजूंना वक्र आणि पट्टी यांच्यातली फट सारखी दिसेल. रेघ मारा. बरोबर आली असेल तर ती काळाच्या अक्षाला ५ वर छेदेल आणि २० व्या सेकंदाला १२० च्या उंचीवर असेल. चढ: १२० भागिले १५, म्हणजे ८ मी/से. वरच्या आलेखात १० व्या सेकंदाची उंची बघा, तीही ८. चढ काढताना त्रिकोण शक्य तितका मोठा घ्या. बोटभर त्रिकोणात अर्ध्या मिलिमीटरची चूकही उत्तर बिघडवते. आणि इथे ४० भागिले १० करणाऱ्याला ४ मिळतील, बरोबर निम्मे.

रेषा अक्षाखाली गेली तर

चेंडू १५ मी/से वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण १० मी/से² धरू, वरची दिशा धन. वेग-काल आलेख ही एकच सरळ रेषा: १५ पासून सुरू, १.५ सेकंदाला शून्य, ३ सेकंदाला −१५. मध्ये कुठेही मोड नाही.

"ताई, सगळ्यात वर गेल्यावर त्वरण शून्य ना? चेंडू थांबतो तिथे."

"थांबतो म्हणजे कोण शून्य झालं?"

"वेग."

"आणि रेषेचा चढ?"

इथे मुलं पट्टी लावून बघतात. चढ सगळीकडे −१०, शिखरावरसुद्धा. तिथे त्वरण शून्य झालं असतं तर चेंडू वरच राहिला असता.

क्षेत्रफळ अक्षाच्या वर ½ × १.५ × १५ = ११.२५ मी, म्हणजे तीन-चार मजल्यांइतकं. अक्षाखाली तेवढंच, पण उणे. चिन्हासकट बेरीज शून्य, ते विस्थापन. चिन्ह सोडून बेरीज २२.५ मी, ते अंतर. 'उणे त्वरण म्हणजे वेग कमी होणं' ही समजूतही इथेच मोडते. खाली येताना त्वरण उणेच आहे, पण वेगही उणे आहे, आणि चेंडू जोरात पडतोय. दोघांची चिन्हं सारखी असली की चाल वाढते, विरुद्ध असली की घटते.

दोन रेषा छेदल्या म्हणजे काय?

पलासियाच्या सिग्नलवर बस उभी आहे. हिरवा दिवा लागतो त्याच क्षणी शेजारून एक अ‍ॅक्टिवा ८ मी/से या स्थिर वेगाने निघून जाते. बस १ मी/से² त्वरणाने निघते. वेग-काल आलेखात अ‍ॅक्टिवाची आडवी रेषा आणि बसची शून्यातून चढणारी रेषा ८ व्या सेकंदाला छेदतात. बसने अ‍ॅक्टिवा गाठली का?

नाही. छेदबिंदू सांगतो की वेग सारखा झाला. क्षेत्रफळं काढा: अ‍ॅक्टिवा ६४ मीटर गेली, बस फक्त ३२. याच क्षणी दोघांतलं अंतर सगळ्यात जास्त आहे, कारण आतापर्यंत अ‍ॅक्टिवा जास्त वेगात होती आणि इथून पुढे बस असेल. गाठायला क्षेत्रफळं सारखी व्हायला हवीत. १६ व्या सेकंदाला अ‍ॅक्टिवाचे ८ × १६ = १२८ मीटर, बसचे ½ × १६ × १६ = १२८ मीटर. तेव्हा बसचा वेग १६ मी/से असेल, म्हणजे जवळजवळ ५८ किमी/तास. पलासियाला संध्याकाळी हे कुणाला साधलं तर मला कळवा.

हेच स्थान-काल आलेखात काढलं तर छेदबिंदू १६ व्या सेकंदाला येतो, आणि तिथे छेदणं म्हणजे खरोखर गाठणं: एकाच वेळी एकाच जागी. छेदबिंदू विचारला की पुन्हा अक्षाकडे बघायचं, ते यासाठी.

याचा खरा वापर बघायचा असेल तर रेल्वेचं नियंत्रण कार्यालय. इंदूर पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडळात येतं. सेक्शन कंट्रोलरसमोर (मार्गाच्या एका भागातल्या गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्यासमोर) जो तक्ता असतो त्यावर आडवा काळ आणि उभी स्टेशनं असतात, म्हणजे आपला स्थान-काल आलेखच. पूर्वी तो कागदावर पेन्सिलीने ओढत, आता संगणकावर निघतो. जास्त उभी रेषा ती जलद गाडी, आडवा तुकडा म्हणजे थांबा, उलट्या दिशेने कललेली ती समोरून येणारी गाडी. एकेरी मार्गावर दोन विरुद्ध गाड्यांच्या रेषा फक्त स्टेशनाच्या ओळीवरच छेदू शकतात, जिथे एकीला बाजूच्या रुळावर घेता येतं. दोन स्टेशनांच्या मध्ये छेदबिंदू आला तर त्याचा अर्थ मुलांनाच विचारा, लगेच कळतं.

घरी करायचा सराव

आलेख वाचता येतो की नाही हे चालून बघावं. गॅलरीत किंवा हॉलमध्ये फरशा मोजा. एका फरशीला ०.४ किमी माना, एका टाळीला १ मिनिट. आई किंवा आजोबांनी सेकंदाला एक टाळी वाजवायची, मुलाने चिन्मयचा आलेख हातात धरून चालायचं: ८ टाळ्यांत ४ फरशा, ४ टाळ्या जागेवर, ४ टाळ्यांत २ फरशा मागे, ८ टाळ्यांत ५ फरशा पुढे. शेवटी सातव्या फरशीवर पोचायला हवं. मग उलट करा: मोठ्यांनी मनाला येईल तसं चालायचं, मुलाने न बोलता आलेख काढायचा. वेग-काल आलेख चालून दाखवणं बरंच कठीण आहे, ते आठवडाभराने करा.

चालताना मुलं एक तक्रार करतात, आणि ती रास्त आहे. आलेखात १६ व्या मिनिटाला रेषा टोकदार मोडते. पण मागे येणारा माणूस क्षणात पुढे कसा वळेल? वळता येत नाही. तसं वळायला अनंत त्वरण लागेल. चालणाऱ्याचा खरा आलेख तिथे थोडा गोलसर असतो, पुस्तकातलं टोक ही सोय आहे. उत्तरपत्रिकेत मात्र ते टोकच काढा, पट्टीने, आणि दोन्ही अक्षांवर नाव आणि एकक लिहायला विसरू नका.